दोंडाईच्याचं स्टेशनाजवळचं घर

म्हातारपणी कुठे राहायचं, हे मी कापड घेतो तसं ठरवलं होतं. उजेडात धरून, चारही बाजूंनी ओढून बघून. गावी जायचं नव्हतं. आमच्या खेड्याला दिवस मावळल्यावर एस.टी. नाही; रात्री छातीत कळ आली तर गाडी जुंपेपर्यंत माणूस थंड. सुरतेत राहायचं नव्हतं, कारण बायकोला नको होतं. मग उरलं दोंडाईचा. ताप्ती लाइनवरचं बाजाराचं गाव. मिरचीचा मोठा बाजार, दवाखाने, चहूकडे जाणाऱ्या एस.ट्या आणि मुख्य म्हणजे स्टेशन. सकाळी सुरतेशेजारी उधन्याला गाडीत बसलं की दुपारी तिथे. मुलगा दुकान सांभाळेल, सणाला नातवंडं घेऊन येईल, आणि मला चैन पडलं नाही तर मी बाजार बघायला सुरतेला येईन.

मी सुरतेत आलो तो बमरोलीला मागावर उभा राहायला. पुढे डागी ताके आणि गिरणीतले उरलेले तुकडे वजनावर घेऊन विकू लागलो, आणि त्यातूनच रिंग रोडच्या कापडबाजारात दुकान केलं. कोणी हात दिला नाही. जे मिळवलं ते घासाघीस करून. त्या बाजारात भाव मोठ्यानं बोलायचा असतो. समोरच्यानं भाव सांगितला की शेजारच्या दुकानांना ऐकू जाईल असा मी तो परत म्हणायचो, "आटला बधा?" म्हणजे, एवढे? ऐकणारे हसले की भाव खाली यायचा. गुजराती व्यापारी हात जोडायचे. "काका, धीमे बोलो ने." पण चहाही पाजायचे. त्या दुपारींची, कोऱ्या कापडाच्या खळीच्या वासाची आता फार आठवण येते.

घर सुरतेतच, डिंडोलीत. गल्लीत सगळे आपलेच, धुळ्या-नंदुरबारकडचे. पहाटे नळावर बायकांची अहिराणी ऐकली की आपण कुठे आलोच नाही असं वाटायचं. पोरं मात्र आपसात गुजराती बोलत. सुरतेत प्लेग आला त्या वर्षी बायको पोरांना घेऊन गावाकडच्या नातेवाइकांकडे गेली आणि महिनाभर दुसऱ्याच्या चुलीवर राहिली. परत आली ती एकच गोष्ट घेऊन. "माले आपलं घर जोयजे. तिकडे. पाव्हणी म्हनीसन मी नही जावाव."

तेव्हाच कळलं की मागच्या गल्लीतल्या एका म्हाताऱ्याला दोंडाईच्याचं घर विकायचं आहे. म्हातारा जन्मभर बैलबाजारात दलाली केलेला. आता दोन मुलांकडे सुरतेत असायचा. आम्ही जाऊन घर बघून आलो. दोन खोल्या, मागे आड, पुढे ओटा. ओट्यावर बसलं की फलाटावरची घंटा ऐकू येत होती. बायकोनं आत जाऊन चूल कुठे, देव कुठे, सगळं ठरवलं. मी भिंती ठोकून बघत होतो, तर मला म्हणाली, "ठोकू नका, ते आपलंच शे."

बोलणी म्हाताऱ्याकडे झाली. त्याचे दोघे मुलगे, मी, दारात बायको, आणि मध्यस्थ म्हणून माझा साडू. बायकोच्या मोठ्या बहिणीचा नवरा. सुरतेजवळ चलथाणला साखर कारखान्यात होता, बोलायला मऊ.

"हात दे," म्हातारा म्हणाला.

मी दिला. त्यानं खांद्यावरचं उपरणं काढून दोघांच्या हातांवर टाकलं आणि खालून माझी बोटं दाबली. आमच्याकडे बैलाचा सौदा असाच होतो. भाव बोटांनी सांगायचा, बोटांनीच कमी करायचा. भोवती माणसं उभी असतात, पण आकडा दोघांशिवाय कोणाला कळत नाही. माझ्या वडिलांनी बैल असेच घेतले. पण ते बैल होते, आणि हे डिंडोली होतं.

"बाबा, हा घराचा भाव सांगताय की स्टेशनाचा?" मी म्हणालो.

"स्टेशन उचलून नेता आलं असतं तर नातवाला ठेवलं असतं. बोटं बोलू दे."

मी माझी बोटं दाबली. म्हातारा मुलांकडे बघून हसला. "यात बैलाची शेपटी येते पोरा. बैल नाही." मुलगे हसले. साडूही हसला. त्याचं हसणं मला जास्त लागलं. मी उपरण्याखालून हात ओढला आणि त्यानं मागितलेला आकडा सगळ्यांसमोर मोठ्यानं बोललो. एवढ्या पैशात उधन्याला नवी इमारत उभी राहील, असंही म्हणालो.

मग थोरला मुलगा बापाला म्हणाला, "दादा, एवढे येणार होते? आम्हाला तर बराच कमी आकडा सांगितला होता."

म्हाताऱ्यानं उपरण्याची घडी घातली, खांद्यावर टाकली. "बोललेला सौदा मेला. ऊठ."

"मी वाढवतो. बसा तर."

"ऊठ म्हटलं ना."

रस्त्यात साडू म्हणाला, "साडूभाऊ, तिथे आवाज चढवायची काय गरज होती?"

"घर मी घेणार, आवाज मी करणार."

बायको दोन पावलं पुढे चालत होती. तिनं मागे बघितलं नाही.

पुढच्याच महिन्यात साडू पेढे घेऊन दारात. घर त्यानं घेतलं होतं. "तुम्ही सोडलं म्हणून," म्हणाला.

"सोडलं कोणी?" मी विचारलं. त्यानं पेढ्यांचा पुडा खाली ठेवला.

रिंग रोडला मध्यस्थानं स्वतःच माल उचलला तर त्याला दुसऱ्या दिवशी कोणी बाकावर बसू देत नाही. हे मी तेव्हाही म्हणालो, आजही म्हणतो. त्यानं ते कितीला घेतलं, हेही मला कळलं नाही. उपरण्याखाली झालेला सौदा. विचारणार कोणाला? त्या घरात पाऊल टाकणार नाही, असं मी सांगून टाकलं.

बायकोला मात्र बहिणीशी तोडता येईना. उन्हाळा लागला, बहिणीचा त्या घरून निरोप आला, तिनं पिशवी भरली. गाडीला गर्दी म्हणून मी पोहोचवायला निघालो. नंदुरबार सोडल्यावर तिनं डोक्यावरचा पदर नीट केला आणि खिडकीबाहेर बघत राहिली.

दोंडाईच्याला साडू उतरवून घ्यायला आला होता. "चला, ओट्यावर पाणी तरी प्या," मला म्हणाला.

"माझी गाडी आहे."

"कोणती?"

"सुरतेची. येईलच."

एकेरी लाइन, समोरून गाडी येईस्तोवर वेळ होता. साडू पिशवी उचलून उभा राहिला. बायकोनं माझ्याकडे बघितलं, मग त्याला म्हणाली, "भाऊजी, तुम्ही व्हा पुढे. मी मांगून येस."

आणि ती फलाटाच्या बाकावर माझ्याशेजारी बसली. फडक्यात बांधलेली ज्वारी-उडदाची कळण्याची भाकरी सोडली, ठेच्याबरोबर दोघांनी खाल्ली. बाजाराकडून वाऱ्याबरोबर मिरचीचा खकाणा आला, तशी दोघांनाही शिंक आली. ती हसली.

"गाव बेस शे ना?"

"बेस आहे," मी म्हणालो. ते मी कधी नाकारलंच नव्हतं.

पुढे दर उन्हाळ्यात असंच. मी पोहोचवायला जायचो, ती माझी गाडी येईपर्यंत बाकावर थांबायची. दोंडाईच्यात आम्ही दोघं राहिलो ते एवढंच. मला उशीर सहन होत नाही, दुकानात कोणाला पाच मिनिटं उशीर झाला तरी मी गल्ली डोक्यावर घ्यायचो. पण तिथे सुरतेची गाडी उशिरा आहे असं कळलं की ती पाय वर घेऊन मांडी घालून बसायची, आणि मी तिकिटाच्या खिडकीपाशी जाऊन गाडीची चौकशी करत नसे.