रक्त कुणाचं, सही कुणाची

राणीसावरगावात सत्यशीला वाव्हळे हे नाव घेतलं की लोक एक गोष्ट हमखास सांगतात. डॉक्टरांची गाडी दारातून माघारी धाडणारी बाई ती हीच. सांगताना कुणी हसतं, कुणाच्या आवाजात थोडा धाक असतो. त्यानंतर काय घडलं ते मात्र फार थोड्यांना ठाऊक आहे.

चौदा वर्षांपूर्वी सत्यशीला पहिलटकरीण होती तेव्हा एक संशोधन संस्था त्या भागात आली. बारा गावांतली सहाशे लेकरं जन्मापासून अठराव्या वर्षापर्यंत बघायची. कोण कसं वाढतं, काय खातं, कशानं आजारी पडतं, सगळं वर्षानुवर्षं लिहून ठेवायचं, असा त्यांचा बेत. ओळखीच्या एका बाईनं कागद पुढं केला. सत्यशीला सातवी शिकलेली, वाचू शकली असती. पण बाई घाईत होती. नवरा सिद्धोधन गवंड्याच्या हाताखाली कामाला होता, तो बाहेर निघता निघता म्हणाला, "सरकारी असंल. टाक सही." ते सरकारी नव्हतं. सही पडली.

पुढं संघप्रिया जन्मली आणि दर जानेवारीत गाडी येऊ लागली. वजन, उंची, दंडाला मापाची पट्टी, एक नळी रक्त, बिस्किटाचा पुडा. गाडी गेली की वर्षभर कुणाचा पत्ता नाही.

संघप्रिया पहिलीत गेली त्या जून महिन्यात शाळेच्या प्रार्थनेत उभ्या उभ्या कोसळली. गंगाखेडच्या डॉक्टरांनी तिच्या डोळ्याची खालची पापणी ओढून बघितली आणि रक्त तपासायला पाठवलं. हिमोग्लोबिन सहाच्याही खाली होतं.

"बाई, हे काही आठ दिवसांत झालेलं नाही," डॉक्टर म्हणाले. "वर्ष तरी झालं असेल. आधी कधी रक्त तपासलं नाही का?"

 तपासलं होतं की! पाच महिन्यांपूर्वीच नळी भरून नेली होती. कुणाला तरी तो आकडा माहीत असणार, आणि तिच्या लेकीला मात्र भर मैदानात पडावं लागलं. आठ दिवस दवाखान्यात लेकीच्या उशाशी बसून ती एवढंच घोळवत राहिली.

लेक बरी झाली. जानेवारीत गाडी आली तेव्हा सत्यशीला उंबऱ्यात उभी होती.

"वजन न्हाई, रगत न्हाई. आल्या पावली माघारी जा."

गाडीतून रेणुकाताई उतरल्या. त्या या कामाच्या प्रमुख डॉक्टर, पन्नाशीच्या, नांदेडकडच्या. त्यांनी कारण विचारलं. सत्यशीलानं सगळं सांगितलं आणि शेवटी म्हणाली, "रगत आमचं, आकडा तुमचा. असं कसं ओ बाई? पोरगी मेली असती तर तेवढं बी लिवून ठेवलं असतं का वहीत?"

रेणुकाताईंचा चेहरा उतरला. रक्ताचे नमुने मोठ्या शहरात जातात, आठ-आठ महिन्यांनी आकडे येतात, ते एकदम सहाशेंचे येतात, आणि घरोघर कळवायचं काम कुणाकडंच दिलेलं नाही, असं त्यांनी जसं होतं तसं सांगितलं. "चूक आमची आहे," त्या म्हणाल्या. "तुम्हाला नाव काढून घ्यायचा हक्क आहे. काढू का?"

"काढा."

नाव निघालं. महिन्याभरानं रेणुकाताई पुन्हा आल्या, या वेळी एकट्या, एसटीनं. वजनकाटा नाही, पेटी नाही. ओट्यावर बसून पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, "नाव परत घाला म्हणायला आले नाही. आमचं कुठं कुठं चुकतं ते सांगणारं माणूस पाहिजे. बाराही गावांतले आई-बाप बसवणार आहोत. तुम्ही याल का?"

सत्यशीलाला हसू आलं. "मी काय सांगू डॉक्टरला?"

"दारात सांगितलं तेच."

पहिल्या बैठकीला शाळेच्या खोलीत तीस-पस्तीस माणसं जमली. सत्यशीला बोलायला उठली आणि लगेच पुन्हा खाली बसायला लागली. मागून कुणीतरी म्हणालं, "घरी तर लय बोलती!" सगळे हसले. तिलाही हसू फुटलं, आणि मग मात्र ती थांबली नाही. रक्त घेतलं की पंधरा दिवसांत मराठीत लिहिलेली चिठ्ठी घरी आली पाहिजे. आकडा वाईट असेल तर चिठ्ठीची वाट न बघता त्याच दिवशी फोन. आणि जानेवारीत येता ते चुकतंच.

"काऊन?" एका बापानं विचारलं.

"अर्धं गाव तवा ऊसतोडीला गेलेलं असतंय की! त्यांची लेकरं संगंच जातेत. ही माणसं येतेत, कुलूप बघतेत अन् 'गैरहजर' लिवून जातेत. ज्या लेकरायचे सगळ्यात जास्त हाल, त्यांचंच पान कोरं!"

 रेणुकाताईंनी शेजारी बसलेल्या संस्थेच्या माणसाकडून गैरहजरांची यादी मागवली. शंभर आणि वर बावीस नावं निघाली.

त्या वर्षापासून मोजमाप दसऱ्याच्या आत होऊ लागलं, ऊसतोडीच्या टोळ्या निघायच्या आधी. टोळ्या परतल्या की वैशाखात पुन्हा एकदा. आई-बापांच्या गटानं एक प्रश्नही घालायला लावला, जो शिकलेल्या कुणाला सुचला नव्हता: उसाच्या फडात लेकरू दिवसभर काय खातं, आणि त्याला खाऊ कोण घालतं? गावात पहिली चिठ्ठी वेळेत आली तेव्हा सत्यशीलानं संघप्रियाचं नाव पुन्हा घातलं. या वेळी कागद दोनदा वाचून.

सगळं सरळ झालं असं नाही. भावकीतली माणसं म्हणाली, ही डॉक्टरांना विकली गेली. सिद्धोधनही एकदा चिडला, "घरची भाकर सोडून गावभर हिंडायलीस." ती हिंडतच होती. मेंढरं घेऊन फिरणाऱ्या चंदाचं लेकरू तीन वर्षं 'गैरहजर' होतं. चंदाच्या सासऱ्याला, ग्यानबाला, विचारून सत्यशीला पालमच्या वाटेवर दोन कोस तुडवत तिच्या मेंढरांच्या वाड्यावर पोचली. मेंढरं बसवलेल्या रानात चंदा चुलीपुढं होती.

"एवढं चालत आलीस, माझ्या पोराचं वजन करायला?" चंदानं विचारलं.

"मी कशाला करू? तुमी कवा कुठं असताव तेवढं सांग. ते येतील."

चंदानं बोटांवर महिने मोजत आख्खी वाट सांगितली. पुढच्या खेपेला गाडी त्या वाटेवर गेली.

चार वर्षांनी आकडे सगळ्यांसमोर मांडले गेले. ऊसतोडीला जाताना ठीक असलेल्या लेकरांपैकी निम्म्याहून अधिकांचं रक्त परत येईपर्यंत घसरत होतं. त्या कागदाच्या जोरावर रेणुकाताईंनी खटपट करून फडाजवळच्या तळांवर महिन्यातून एकदा लेकरांची तपासणी आणि औषध सुरू करवलं. पुढच्या वैशाखात घसरगुंडी थांबली नाही, पण कमी झाली. सत्यशीलानं तो आकडा पाठच केला. कुणी भेटलं की सांगायची.

तिला वाटलं, आता आपण जिंकलो. आणि तिथंच तिची लेक आडवी आली.

संघप्रिया तेरा वर्षांची झाली होती. संस्थेला मोठ्या होणाऱ्या मुलींची नवी माहिती हवी होती: पाळी कधी आली, त्रास होतो का, त्या दिवसांत शाळा बुडते का. आई-बापांच्या गटात विषय निघाला आणि सत्यशीलानं सगळ्यांच्या वतीनं होकार दिला. चांगल्यासाठीच तर आहे. मोजमापाच्या दिवशी मुली शाळेच्या व्हरांड्यात रांगेनं उभ्या राहिल्या. टेबलाशी एक तरुण मुलगा फॉर्म घेऊन बसला होता आणि खिडकीतून मुलं डोकावत होती. संघप्रिया रांगेतून बाहेर पडली आणि थेट घरी आली. तिच्या मागं आणखी सात जणी निघून गेल्या.

"काऊन आलीस निघून?" सत्यशीला संतापली. "मी हो म्हणून बसले तिथं! माझी इज्जत काय राहिली?"

"तू हो मनलीस," संघप्रिया म्हणाली. "मला कुणी इचारलं? रगत माझं, अंग माझं, अन् सही तुझी?"

 भाकरी तव्यावर करपली तरी तिचं लक्ष नव्हतं. सिद्धोधन जेवायला बसला तेव्हा तिनं त्याला सगळं सांगितलं. तो घास चावत म्हणाला, "बरोबर बोलायली की पोरगी. तुझीच हाय."

दुसऱ्या दिवशी सत्यशीलानं रेणुकाताईंना फोन लावला. "माझा होकार माघारी घ्या. पोरींना इचारायचं राहिलं. चूक माझी हाय."

मग मुलामुलींचा वेगळा गट बसला, आणि आई-बापांना तिथं मज्जाव. सत्यशीला बाहेर लिंबाखाली बसून राहिली. आतून कधी हसणं, कधी वाद ऐकू येत होता. आत जावंसं दहादा वाटलं, ती गेली नाही. मुलींनी ठरवलं: खोली वेगळी, विचारणारी बाईच, नको त्या प्रश्नाला 'नाही सांगत' म्हणायची मुभा. फॉर्मवरचे अवघड शब्द खोडून त्यांनी आपले शब्द घातले. मुलांनीही तोंड उघडलं. आम्ही तंबाखू कधी सुरू केली ते का विचारत नाही, असं सुगत नावाच्या पोरानं विचारलं, आणि तो प्रश्नही फॉर्मात गेला. आठही मुली परत आल्या. त्यांतली एक अजूनही दोन प्रश्नांना उत्तर देत नाही, आणि तिला कुणी काही म्हणत नाही.

यंदा काम पोखर्णीकडं वाढवायचं ठरलं, तेव्हा रेणुकाताईंनी मायलेकी दोघींना सोबत नेलं. नरसिंहाच्या देवळापासून जवळच एका सभामंडपात वीसेक बायका जमल्या होत्या. रेणुकाताईंनी माहिती सांगितली. बायका नुसत्या माना हलवत होत्या. अशा माना सत्यशीलाला चांगल्या ओळखीच्या होत्या.

ती उठली. "ह्यांना काय पाहिजे ते ह्यांनी सांगितलं. तुमाला तुमच्या लेकरांबद्दल काय जाणून घ्यायचंय?"

 मग मागच्या बाजूला बसलेली एक तरणी बाई पदर सावरत म्हणाली, "माझं पोरगं चार वर्साचं हाय. अजून भिंतीची माती खातंय. मारलं तरी सोडंना. काऊन खातंय?"

बायका खो खो हसल्या. हसू ओसरल्यावर तिच्या शेजारची हळूच म्हणाली, "माझं बी खातंय." मग पुढची एक. मग दाराजवळची. बघता बघता सहा हात वर झाले.

रेणुकाताई उत्तर द्यायला पुढं सरकल्या आणि तशाच थांबल्या. संघप्रियानं वही मांडीवर घेतली होती. "थांबा मावशी," ती त्या तरण्या बाईला म्हणाली, "नाव सांगा तुमचं. अन् कवापासून खातंय, पयल्यापासून सांगा."