एकच पीक

काका चिमूटभर माती उचलायचे, जिभेवर ठेवायचे, डोळे मिटून थोडा वेळ थांबायचे आणि थुंकून टाकायचे. मग म्हणायचे, "अजून खारी हाय."

मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते हेच करताना. भिवंडीजवळ मानकोलीच्या एका गोदामाच्या ऑफिसात माझी पहिली नोकरी होती. टेबल मागच्या खिडकीशी होतं. पुढे ट्रक लागायचे, आरडाओरडा चालायचा, आणि सगळ्यांना तिथेच बसायला आवडायचं. मला मागची जागा बरी वाटली. इंग्रजी शाळेत शिकलेली म्हणून सगळी पत्रं माझ्याकडे यायची, आणि पत्रं लिहायला कुणाशी बोलावं लागत नाही. खिडकीतून तारेचं कुंपण दिसायचं, त्यापलीकडे जमिनीचा एक पडीक तुकडा, मग मातीचा बांध आणि बांधाच्या पलीकडे खाडी.

त्या तुकड्यात गुडघाभर चिखलात एक म्हातारा दिवसभर खपत असायचा. मला वाटलं, मजूर असेल. नव्या वॉचमनलाही तेच वाटलं. पाणी प्यायला काका मागच्या दारातून आत यायला लागले तेव्हा त्याने हटकलं, "अंदर कहाँ, चाचा?" काकांनी शांतपणे सांगितलं, "तू जिधर खडा हाय ना, उधर हमारा वांगी था." आमचं गोदाम, शेजारची दोन गोदामं आणि नाक्यापर्यंतची बरीचशी जमीन त्यांची होती, हे मॅनेजरकडून वॉचमनला आणि मला एकाच वेळी कळलं.

त्यानंतर ते रोज यायचे. दारात लाकडाच्या ढलपीने पायाचा चिखल खरवडायचे, पण खुर्चीवर कधी बसले नाहीत. मॅनेजर त्यांना 'शेठ' म्हणायचे. ते त्यांना आवडायचं नाही. मी काका म्हणायचे. कसे आहात म्हणून विचारलं तरी उत्तर तेच, "अजून खारी हाय." एकदा मॅनेजरनी त्यांच्या सुनेच्या बाळंतपणाची चौकशी केली तेव्हाही तोंडून आधी तेच निघालं, आणि मग ते स्वतःच हसले.

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. आपल्या भागात जमिनींना भाव आला आणि ज्यांच्या अंगाची माती कधी सुटली नव्हती त्यांच्या घरांना संगमरवर लागला. काकांच्या मुलाने बंगला बांधला होता. वडिलांसाठी अंग चेपणारी खुर्ची आणली होती. मुलगा वाईट नव्हता. बाबांनी आता सुखात राहावं एवढंच त्याचं म्हणणं. एका उन्हाळ्यात तो आईवडिलांना काश्मीरला घेऊन गेला. परत आल्यावर मी विचारलं, तिथलं सरोवर कसं होतं?

"चांगला हाय," काका म्हणाले. मग पायाचा चिखल खरवडत, "पन त्या पान्याला भरती न्हाय, ओहोटी न्हाय. निसता परून रायतं गो."

काकू दुपारी डबा घेऊन यायच्या. हातात सोन्याच्या बांगड्या, पायात रबरी चप्पल. कुंपणापाशी उभ्या राहून मला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायच्या, "घरान खुर्ची हाय अंग चेपाला, आन् यो रेड्यासारखा चिखलान लोलतंय." काका जेवून होईपर्यंत मात्र जायच्या नाहीत.

हे सगळं एका पिकासाठी चाललं होतं, हे मला काकूंकडूनच समजलं. तो तुकडा खाडीला लागून असलेल्या खाजणाचा, म्हणजे खाऱ्या जमिनीचा. बांध फुटून खाडीचं पाणी आत आलं होतं आणि काही वर्षं तिथे गवतसुद्धा उगवलं नव्हतं. मुलाला तिथे भराव टाकून आणखी एक गोदाम उभं करायचं होतं. काका म्हणाले, मला एक पीक घेऊ दे, मग कर काय करायचं ते. मुलाने कबूल केलं. बांध नीट करायचा, मग पावसाच्या पाण्याने मीठ धुऊन निघायची वाट बघायची. जमीन गोड व्हायला दोन-तीन पावसाळे जातात. पहिल्या वर्षी लावलेली रोपं पिवळी पडून जळाली. मुलाने दुसरं वर्षही दिलं, पण भरावाचे ट्रकवाले येऊन जागा पाहून गेले.

एका संध्याकाळी धीर करून मी त्यांना विचारलं. एवढं करून पीक आलं, तरी पुढे भरावच पडणार ना?

ते पाणी प्यायले, पेला पालथा घातला.

"बांध दर्यान तोरला न्हाय गो," ते म्हणाले. पूर्वी उधाणाच्या दिवशी बांधाला खांड, म्हणजे भगदाड पडलं की कुणीतरी हाळी द्यायचं आणि बांधामागे ज्यांची शेतं, त्या प्रत्येक घरातून एक माणूस धावत जायचा. जेवणाच्या ताटावर असला तरी उठायचा. त्यांचा बाप स्वतःच्या लग्नाच्या हळदीतून उठून गेला होता. ज्या दिवशी हा बांध फुटला, त्या दिवशी गावच्या जमिनींचा सौदा झाला होता. गावात पेढे वाटले जात होते. हाळी ऐकू आली होती. सगळ्यांनी ऐकली.

"लय सुखान होतो आमी त्या दिवशी," काका म्हणाले. "म्हनून कोन गेला न्हाय."

मी पालथा पेला उचलून विसळला. 

दुसऱ्या वर्षी रोपं हिरवी राहिली. आषाढात एकदा त्यांनी माती चाखली आणि थुंकायचं विसरून माझ्या खिडकीकडे बघत राहिले.

श्रावणातल्या अमावास्येला दुपारी उधाण आलं. बांधाच्या पोटातून आधी बोटभर पाणी आलं, मग हातभर. काका बांधावर चढले आणि गावाकडे तोंड करून त्यांनी हाळी दिली, "खांड परली वो." मध्ये सगळी गोदामंच उभी होती. गावातून कुणी आलं नाही. आमचे बिहारी हमाल मागच्या शेडमध्ये जेवत होते. त्यांनी पाणी पाहिलं आणि हात न धुताच कुंपण ओलांडलं. काका चिखलाचे गोळे कसे कापायचे, कसे द्यायचे ते ओरडून सांगत होते, आणि एका हातातून दुसऱ्या हातात ते गोळे जात होते. मी रिकामी पोती नेऊन देत होते. मॅनेजर आधी ओरडले, मग छत्री घेऊन उभे राहिले.

खांड बुजत आली तेव्हा मुलगा गाडीतून आला. बूट काढायला लागला. काका त्याच्याकडे न बघता म्हणाले, "ऱ्हऊ दे. घरटी एक मानूस लागतो. आपल्या घरचा मी हाय."

तो एक बूट हातात घेऊन तसाच उभा राहिला.

भाद्रपदात काकांना ताप आला. चिखलातलं काहीतरी बाधलं असं डॉक्टर म्हणाले. आधी भिवंडीच्या, मग ठाण्याच्या हॉस्पिटलात नेलं. ते परत आले नाहीत. भाताचा दाणा तेव्हा दुधात होता.

पुढच्या अमावास्येला मी खिडकीतून पाहिलं, बांधावर मुलगा उभा होता. पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, डोक्याचे केस उतरवलेले. त्याला त्यातलं फारसं काही येत असेल असं वाटलं नाही. पण भरती पूर्ण उतरेपर्यंत तो तिथून हलला नाही.

दिवाळीनंतर भात कापला. तांबड्या दाण्याचा भात, फार नव्हता. काकूंनी आणि गावातल्या दोघी-तिघींनी मिळून कापला, हमालांनी भारे बांधून दिले. ऑफिसात सगळे म्हणाले की आता मुलगा ती जागा तशीच ठेवेल. मलाही तसं वाटलं होतं. पण पिकाचा शब्द त्याने पाळला होता, आणि त्यापुढचा, भराव टाकू देण्याचा शब्द काकांनी दिलेला होता.

थोड्याच दिवसांत सकाळी मुरुमाचे ट्रक आले. कुंपणाच्या कडेने रांग लागली. काकू शेतात होत्या. कापणीत गळून पडलेल्या लोंब्या वेचत होत्या, ज्याला सरवा म्हणतात. पूर्वी ज्यांच्याकडे स्वतःचं शेत नसायचं त्या बायका सरवा वेचायच्या. तीन गोदामांची मालकीण वाकून एकेक लोंबी उचलत होती आणि ओच्यात टाकत होती.

पहिल्या ट्रकवाल्याने हॉर्न दिला. ट्रकांपुढे उभ्या असलेल्या मुलाने मागे न बघता हात वर केला. इंजिनं बंद झाली. चहाची वेळ झाली होती, पण ऑफिसातलं कुणी बाहेर गेलं नाही, सगळे माझ्या खिडकीपाशी येऊन उभे होते. काकू बांधाच्या कडेपर्यंत गेल्या, वळल्या, आणि दुसऱ्या ओळीला लागल्या. त्यांना कसलीही घाई नव्हती. मुलाचा हात अजून वरच होता.