फोटू उतारायचा म्हणजे

आमच्या वऱ्हाडात फोटो काढत नाहीत, फोटू उतारतात. आणि दृष्टही उतारतात. या एका शब्दानं अनसिंगच्या आमच्या मळ्यात जो घोळ घातला, तो आठवला की मला अजून हसू आवरत नाही.

स्टेशनावरून एक गोरा साहेब बैलगाडीतून आला. देशोदेशीची माणसं काय नेसतात, काय पिकवतात, याचे फोटो घेत तो जगभर हिंडत होता. सोबत एक दुभाषा. मी दोडक्याच्या मांडवाखाली बाळाला मांडीवर घेऊन वांगी निवडत बसले होते. साहेबाला तेच हवं होतं.

मला मात्र तो फोटो माझ्या बाबांसाठी हवा होता; एक प्रत टपालानं पाठवतो, असं दुभाषा म्हणाला होता. ते तिकडे धनजला अंथरुणाला खिळलेले. आई नव्हती. नातू त्यांनी पाहिला नव्हता आणि भर हंगामात मला माहेरी कोण जाऊ देतंय? येणाऱ्याजाणाऱ्याजवळ त्यांचा एकच निरोप, "पोरीले सासरी नीट वागवतात नं?" मी 'हो' कळवायची, त्यांना पटायचं नाही. पटणार कसं? सासूबाईंची जीभ अशी तिखट, की मलाच ते पुरतं पटत नसे. त्यांना आम्ही आत्याबाई म्हणायचो.

दुभाषा त्यांना म्हणाला, "बाई, साहेब तुमच्या सुनेचा अन् नातवाचा फोटू उतारतो म्हणते."

फोटू म्हणजे काय, आत्याबाईंना ठाऊक नव्हतं. उतारणं चांगलं ठाऊक होतं.

"त्याले काय येते उतारता? मीठ नाही, मिरची नाही, हात हालवत आला."

दुभाष्यानं समजावलं, की हे चित्र विलायतेला जाईल, तिथं पुष्कळ लोक पाहतील. मग तर झालंच.

"एवढ्या लोकाईच्या नजरा पडतीन, अन् हा कोरडाच उतारून राह्यला?" म्हणत त्या चुलीकडे गेल्या.

साहेबानं काळ्या फडक्यात डोकं खुपसलं. मांडवात उजेड कमी, म्हणून हालू नका, असं दुभाष्यानं बजावलं. मी श्वास रोखला, पोरही नेमकं गप्प. तेवढ्यात आत्याबाई मूठभर मीठ-मिरच्या घेऊन माझ्या बाजूला येऊन उभ्या राहिल्या आणि पुटपुटत हात ओवाळू लागल्या. साहेब फडक्याखालून ओरडला.

"त्याले म्हणा, माह्यं उतारून होऊ दे अगोदर."

मग त्यांनी मूठ चुलीत टाकली. मिरच्या जळाल्या, पण ठसका कोणालाच लागला नाही. "पाहा, केवढी नजर होती त्याची," त्या साहेबाकडे बोट दाखवून म्हणाल्या.

साहेबाच्या गाडीची वेळ झाली होती. दुसरा फोटो काही झाला नाही. बाबांसाठी एक फोटो मिळणार होता, तोही या बाईनं नासवला, म्हणून मी फणफणले.

पुढे दुभाष्यानं टपालानं फोटो पाठवला. मी आणि बाळ अगदी स्वच्छ, आत्याबाई चौकटीबाहेर, आणि आमच्याभोवती चुलीच्या धुरासारखा एक पांढुरका पट्टा. घरधनी तो घेऊन धनजला गेले.

बाबांनी बराच वेळ फोटो पाहिला आणि त्या पट्ट्यावर बोट ठेवून विचारलं, "हे काय होय?"

"आमच्या मायचा हात. पोराची नजर उतारून राह्यली होती."

"पोराची? मंग माह्या पोरीच्या डोक्यावरून काहून गेला हात?"

बाबांनी फोटो उशाखाली ठेवून घेतला.

त्यानंतर धनजहून निरोप येत राहिले, पण तो प्रश्न पुन्हा कधी आला नाही. "विहीणबाईले माहा रामराम सांगजा," एवढंच असायचं.