सव्वीस वेळा उठलेली बाई

आमच्या गावात दूध डेअरी निघाली तेव्हा मी तेवीस वर्षांची होते. मोठ्या दुष्काळाला सात-आठ वर्षं झाली होती. छावणीतून परत आलेल्या जनावरांची दावण पुन्हा भरत चालली होती, आणि जिकडंतिकडं सोसायट्या निघत होत्या. येरमाळ्याहून कळंबला जाणाऱ्या रस्त्यालगत आमच्या गावानं पत्र्याची एक खोली बांधली आणि दुधातलं फॅट तपासायला मॅट्रिक झालेला माणूस पाहिजे अशी दवंडी दिली. गावात मॅट्रिक चार पोरं होती, ती सगळी नोकरी शोधायला लातूर-सोलापूरकडं गेलेली. मॅट्रिक झालेली राहिले एकटी मी.

आमचं घर बौद्ध वस्तीतलं. वस्तीतली बाई दूध तपासणार म्हणून काही घरांनी आठ दिवस दूधच आणलं नाही. नवव्या दिवशी आणलं, कारण म्हशी काही थांबायला तयार नव्हत्या. माझे मालक शेजारच्या गावात प्राथमिक शिक्षक होते. ते मला एवढंच म्हणाले, "नीट कर. तुझ्या चुकीला तुझी चूक म्हणणार न्हाईत, सगळ्या वस्तीची म्हणतील."

हे ते उगीच म्हणाले नव्हते. मला ते पाच वर्षांपासून ओळखत होते. मीठ आणायला म्हणून मी दुकानात जायची, दुकानदाराचे डबे वाकडे दिसले की सरळ लावून द्यायची, त्याच्या बायकोला लोणच्याचं प्रमाण सांगायची आणि मीठ न घेता घरी यायची. चुलीवर दूध ठेवून अंगण झाडायला गेले की अंगण लख्ख व्हायचं आणि दूध चुलीत असायचं. सासूबाई म्हणायच्या, "हिचं ध्यान कुठं असतंय कुणास ठाऊक." मलाही ठाऊक नव्हतं. मी आळशी आहे असं लहानपणापासून इतक्यांनी सांगितलं होतं की मी ते नाव-गावासारखं पाठ केलं होतं.

कळंबला आठ दिवसांचं शिक्षण घेऊन मी कामाला लागले. काम असं होतं. सकाळी प्रत्येकाच्या दुधातून एक लहान बाटली भरून घ्यायची. बाटल्या फळीवर ओळीनं ठेवायच्या, फळीच्या कडेवर खडूनं नंबर लिहिलेले असायचे. मग काचेच्या नळीत तेजाब, म्हणजे ॲसिड, आणि दूध घालून त्या नळ्या एका गोल यंत्रात ठेवायच्या, हातानं दांडा फिरवायचा, आणि वर आलेलं फॅट मोजून दारावरच्या फळ्यावर लिहायचं. तो फळा गावात शाळेच्या निकालासारखा वाचला जायचा.

तीन महिने कसंबसं निभावलं. चौथ्या महिन्यात फळीवर नवीन वर्तमानपत्र अंथरलं गेलं.

बाटल्या मांडता मांडता माझी नजर एका बातमीवर गेली. कुठल्याशा गावात वरातीतला घोडा नवरदेवासकट पळाला होता. तो बाजारातून गेला, पुलावरून गेला, आणि पुढं तीन बाटल्या होत्या. मी त्या बाजूला सरकवल्या. घोडा ऊसात शिरला होता. त्याच्यापुढं आणखी चार बाटल्या. त्याही सरकवल्या. तेवढ्यात बाहेर कुणीतरी हाक मारली, मी बाटल्या ओळीत परत लावल्या आणि कामाला लागले.

दुसऱ्या दिवशी फळ्यावर सोसायटीच्या चेअरमनच्या म्हशीचं फॅट सगळ्या गावात कमी निघालं. इतकं कमी, की निम्मं पाणी घातल्याशिवाय निघू नये. आणि ज्याची म्हैस हाडं मोजून घ्यावी अशी होती, त्याचं फॅट सगळ्यात वर. लोक फळ्यापुढं उभं राहून गालात हसत होते. चेअरमन गावात हयातभर शिस्तीवर भाषणं करत आले होते.

तासाभरात चेअरमनीणबाई आल्या. एकट्या आल्या नाहीत, म्हैस घेऊन आल्या. त्यांनी म्हैस सरळ डेअरीच्या दारात उभी केली आणि म्हणाल्या, "हितं सगळ्यांसमोर पिळते. बघा पाणी कुठून येतंय ते."

पण म्हशीला एवढ्या लोकांची सवय नव्हती. ती पान्हाच सोडेना. चेअरमनीणबाईंनी तिला चुचकारलं, थोपटलं, शेवटी रागावल्या. म्हैस दोन पावलं पुढं आली, तिचं अर्धं अंग खोलीत आलं आणि टेबल आडवं झालं. नेमके त्याच वेळी, आमचं दूध जिथं जायचं त्या कळंबच्या शीतकरण केंद्राचे सुपरवायझर सायकलवरून उतरले.

त्यांचं थोडं सांगते. तिशीतला माणूस, दर गुरुवारी बरोबर सव्वानऊला यायचा. कुणाच्या तोंडाकडं बघायचा नाही, बोलताना बघायचा ते समोरच्याच्या खांद्याकडं. दोन माणसं एकदम बोलायला लागली की बाहेर जाऊन सायकलजवळ उभा राहायचा. लोक त्यांना घमेंडी म्हणायचे. त्यांनी म्हशीकडं पाहिलं आणि म्हणाले, "जनावर आत आणायचं न्हाई. नियम आहे."

"साहेब, ही म्हैस चेअरमनची आहे," कुणीतरी म्हणालं.

"बाटलीवर तसं लिहिलेलं न्हाई. बाटलीवर नंबरसुद्धा न्हाई. नंबर फळीवर आहेत."

ते फळीकडं बघत राहिले. मालकांचं बोलणं आठवलं, वस्ती आठवली, आणि तरी माझ्या तोंडून निघून गेलं, "चूक माझी हाय. खालचा पेपर वाचायला म्या बाटल्या हलवल्या."

म्हशीचं रवंथ तेवढं ऐकू येत होतं. चेअरमनीणबाई कमरेवर हात ठेवून माझ्याकडं बघत होत्या.

"असं काय होतं पेपरात?" त्यांनी विचारलं.

मी घोड्याचं सांगितलं. बाजार, पूल, ऊस, सगळं सांगितलं.

"मग? सापडला का नवरदेव?"

"न्हाय कळलं. तिथं तेजाब सांडून पेपर जळलाय."

चेअरमनीणबाईंना हसू आवरेना. पण चेअरमन हसले नाहीत. त्यांचं म्हणणं मला काढून टाकावं, आणि त्यांच्या जागी मी असते तर मीही तेच म्हटलं असतं. सुपरवायझर म्हणाले, "काम बघितल्याशिवाय मला मत देता येत न्हाई." दुसऱ्या दिवशी सकाळी साडेपाचला ते एक स्टूल, एक वही आणि घड्याळ घेऊन कोपऱ्यात बसले. मी आठपर्यंत काम केलं आणि ते लिहीत राहिले. आठ वाजता त्यांनी ते मला वाचून दाखवलं.

"सहा वाजून चार मिनिटं. बाटल्या मांडल्या. सहा वाजून सात. बूच शोधायला उठल्या. सहा वाजून नऊ. बुचाऐवजी झाडू घेऊन आल्या. सहा वाजून दहा. झाडलं. सहा वाजून तेरा. झाडताना बूच सापडलं. सहा वाजून चौदा. बूच खिडकीत ठेवून खिडकी पुसली."

अशी दोन पानं होती. ऐकता ऐकता मला रडू आलं. पाच जणांत कुणी रागावलं तर मी रडत नसे, पण हे रागावणं नव्हतं, हे नुसतं खरं होतं. सुपरवायझर गोंधळले. त्यांनी घड्याळात पाहिलं, पेन उचललं आणि विचारलं, "हे पण लिहू का?"

मी रडता रडता हसले. म्हटलं, "नका लिहू. साहेब, मी आळशी हाय, एवढंच लिहा."

त्यांनी वही पुन्हा पहिल्यापासून चाळली. "तसं दिसत न्हाई," ते म्हणाले. "आळशी माणूस एका जागी बसतो. तुम्ही सव्वीस वेळा उठलात. मी मोजलंय. तुमचं लक्ष जातं, ते गेलेलं तुम्हाला कळत न्हाई. मग लक्षावर काही ठेवायचं न्हाई. वस्तूवर ठेवायचं."

मला त्या वेळी 'सव्वीस वेळा' एवढंच ऐकू आलं, आणि लाज वाटली. बाकीचं कळायला दोन दिवस गेले. विहिरीवर धुणं धूत असताना ते एकदम डोक्यात आलं, आणि मी हातातलं लुगडं तसंच धरून उभी राहिले. तेवीस वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी माझ्याकडं बघून मत दिलं होतं. आधीच्या सगळ्यांनी मत देऊन मग पाहिलं होतं.

पुढच्या आठवड्यात त्यांनी लाल रंग आणला आणि प्रत्येक बाटलीवर नंबर घातला. आता बाटली कुठंही फिरली तरी ती कुणाची ते तीच सांगायची. फळीवरचा पेपर काढून पांढरा रंग दिला. कामाचे टप्पे एकाखाली एक भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहिले, आणि बुचांचा डबा दोरीनं टेबलाला बांधला. डबा बांधलेला बघून गावातले लोक म्हणाले, बुचं कोण चोरणार? मी कुणाला काही सांगितलं नाही.

एवढं करूनही मी उठायची. त्यावर औषध मिळालं ते भलतीकडून. चेअरमनीणबाईंचा माझ्यावर विश्वास नव्हता. त्या रोज सकाळी येऊन उंबऱ्याबाहेर पोत्यावर बसू लागल्या, मी काय करते ते बघायला. सोबत शेंगा फोडायला आणायच्या. बोलायच्या नाहीत. आणि नवल असं, की त्या बसल्या की माझे हात आपोआप कामावर राहायचे. त्या बाजारला गेल्या त्या दिवशी माझ्या दोन नळ्या फुटल्या. महिन्याभरानं त्यांचा संशय फिटला आणि त्या यायच्या बंद झाल्या. मीच त्यांच्या घरी गेले, दारात उभी राहिले आणि म्हटलं, "काकू, संशय घ्यायला येत जावा."

त्यांना काय समजलं कोण जाणे, पण त्या आल्या. पावसाळ्यात पोतं उंबऱ्याच्या आत आलं. दिवाळीनंतर कधीतरी त्यांनी माझ्या किटलीतला चहा मागितला. आमच्या गावात त्या काळी ही लहान गोष्ट नव्हती. त्यांनी मात्र ती शेंगा फोडता फोडता केली आणि चहात साखर कमी आहे म्हणाल्या.

सुपरवायझरांनीही एकदा मला काम सांगितलं. खांद्याकडं बघत म्हणाले, "बाई, मी बोललो की लोक हसतात. मी काय बोललो म्हणून हसले, ते सांगत जाल का?"

झालं असं होतं, की चेअरमनीणबाईंनी त्यांना जेवून जा म्हटलं होतं आणि ते म्हणाले होते, "नको. तुमच्याकडं तिखट फार असतं." मी सांगितलं, "साहेब, असं म्हणायचं नसतं. 'पुढच्या वेळी' म्हणायचं."

त्यांनी ते वहीत लिहून घेतलं. पुढच्या गुरुवारी चेअरमनीणबाईंनी पुन्हा विचारलं, ते म्हणाले, "पुढच्या वेळी." सगळ्यांना बरं वाटलं. त्याच्या पुढच्या गुरुवारी बरोबर साडेबाराला ते हातपाय धुऊन चेअरमनच्या ओसरीवर येऊन बसले. घरात फक्त रात्रीच्या शिळ्या भाकरी होत्या, आणि चेअरमनीणबाई मला शिव्या घालत चुलीपुढं बसल्या. त्यांनी पिठलं केलं, बिनतिखटाचं. साहेब जेवले, आणि बोलावलं तसं आलो, असं समाधानानं म्हणाले. ही चूक कुणाची हे आम्हा दोघींना शेवटपर्यंत ठरवता आलं नाही.

तीन वर्षांनी त्यांची बदली झाली. जाताना निरोप वगैरे काही नाही. वहीतली माझी ती दोन पानं फाडून दिली आणि म्हणाले, "माझ्याकडं याची गरज उरली न्हाई." ती पानं मी जपून ठेवली. कुठं ठेवली ते आठवत नाही.

डेअरीत मी पुढं पुष्कळ वर्षं काम केलं. मुलगी शिकली, पुण्याला नोकरीला लागली. चाळिशीत तिनं एक दिवस फोन करून सांगितलं की तिला डॉक्टरांनी एडीएचडी, म्हणजे लक्ष एका जागी न टिकणं, सांगितलंय, आणि डॉक्टर विचारत होत्या, घरात आणखी कुणी असं आहे का. "मी हसायलाच लागले, आई," ती म्हणाली.

तिनंच मला त्या डॉक्टरीणबाईंकडं नेलं. त्यांनी मला भरायला एक कागद दिला. मी तीन प्रश्न भरले आणि मग त्यांच्या टेबलावरची पेनं रंगाप्रमाणं लावली. त्यांनी ते लिहून घेतलं. मग लहानपणापासून सगळं विचारलं, दोन-तीन वेळा बोलावलं. डेअरीतलं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "आज्जी, वस्तूवर खूण करायची, टप्पे डोळ्यांसमोर लिहून ठेवायचे, कुणालातरी नुसतं शेजारी बसवायचं, हेच आम्ही आता लोकांना शिकवतो." मी विचारलं, साहेबांना काय होतं मग? त्या म्हणाल्या, न बघितलेल्या माणसाबद्दल मला सांगता येणार नाही. हे उत्तर साहेबांना आवडलं असतं.

मला वाईट वाटलं ते नंतर, बसमध्ये. आई आठवली, शाळेतल्या बाई आठवल्या, छड्या आठवल्या. एवढं साधं होतं तर कुणालाच कसं कळलं नाही, असा राग येत राहिला. तो राग बार्शीच्या पुढंपर्यंत टिकला. मग खिडकीतून एक माणूस ट्रॅक्टरवर पलंग घेऊन चाललेला दिसला आणि पलंगावर एक म्हातारी आरामात बसलेली. त्याच्या नादात राग कधी गेला ते कळलं नाही.

घरी येऊन मालकांना सगळं सांगितलं. ते ऐंशीला टेकलेत, ऐकायला कमी येतं, म्हणून दोनदा सांगितलं.

"मला वाटायचं, तू माझं मुद्दाम ऐकत न्हाईस," ते म्हणाले. "पन्नास वर्षं मी रुसून बसायचो."

"तुम्ही रुसायचात?" मी विचारलं. "कधी?"