दहा वर्षं भरेपर्यंत

आमच्या आजाची वाटणी झाली होती. जमीन नव्हतीच, त्यामुळं दोन भावांनी वाटून घेण्यासारखा तोच उरला होता. एक महिना आमच्याकडं, एक महिना चुलत्याकडं. महिना पालटला की तो वळकटी काखेत मारून गल्ली ओलांडायचा. एकतीस दिवसांचा महिना आला की घोळ व्हायचा. तो शेवटचा दिवस कुणाचा, यावरून आई आणि चुलती अबोला धरायच्या आणि आजा मधल्या कट्ट्यावर बसून राहायचा. दोन्ही घरच्या चुली पेटलेल्या दिसायच्या, हाक कुणी मारायचं नाही. आई वाईट नव्हती. डब्यात पीठच बेताचं असायचं.

वडील हे बघायचे. ते आणि चुलता हातकणंगल्याकडच्या एका फाउंड्रीत फेटलिंगला होते. साच्यातून निघालेलं लोखंड ग्राइंडरला लावून घासायचं, हे काम. नाकात, केसांत, डब्यातल्या भाकरीवर बारीक काळी धूळ.

त्या शेडात एक रीत होती. नववं वर्ष लागलं की फंड मोडायचा. फंडात कामगाराचे पैसे कापले जातात, मालकही भरतो आणि त्यातला एक वाटा पेन्शनीला जातो. दहा वर्षं भरली की तो वाटा काढता येत नाही, पुढं पेन्शन म्हणूनच मिळतो. म्हणून त्याआधीच कागदावर काम सोडायचं, सगळा पैसा उचलायचा आणि दुसऱ्या ठेकेदाराच्या नावावर त्याच ग्राइंडरसमोर उभं राहायचं. त्यात कुणाच्या घराला स्लॅब व्हायचा, कुणाच्या पोरीचं लग्न.

चुलत्यानं मोडला. आजा जाऊन तेव्हा वर्ष झालं होतं. चुलता आमच्याकडं चहाला आला आणि वडिलांच्या मागं लागला.

"दहा झाली की पैसा अडकला बघ. आपल्या शेडातल्या कुणी साठी बघितलीया? तू बघणार हायस व्हय?"

"आपल्या बानं बघितली की," वडील म्हणाले. "कट्ट्यावर बसून."

चुलता चहा तसाच ठेवून गेला.

मी तेव्हा कोल्हापुरात कॉलेजला होते, अर्थशास्त्र घेऊन. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली पहिली मीच आणि हे सांगताना मी मान खाली घालत नाही. हात चालत असताना थोडं थोडं बाजूला पडत गेलं, तर म्हातारपणी गरिबाचं घर पुन्हा खड्ड्यात जात नाही, असं पुस्तकात होतं. मी वडिलांना सांगितलं, मोडू नका. दहा वर्षं भरायला छाती शाबूत लागते, हे पुस्तकात नव्हतं.

त्या थंडीत वडील घरापासून एसटीच्या थांब्यापर्यंत जाताना मधे थांबू लागले. चप्पल नीट केल्यासारखं करायचे. सरकारी दवाखान्यात डॉक्टरांनी छातीचा फोटो उजेडाला धरला आणि सांगितलं की धूळ आत बसलीय, ती आता निघणार नाही, धुळीतलं काम सोडा. दहा वर्षं पुरी व्हायला अजून वर्षभर होतं. वडिलांनी फोटो पिशवीत घातला आणि दुसऱ्या दिवशी कामावर गेले.

शेडात त्यांना पेन्शनर म्हणायचे. मुकादम फाटकातच म्हणायचा, "वाट द्या, पेन्शनर साहेब आले." हसणाऱ्यांत वडिलांपेक्षा तरणा एक जण होता. होळीनंतर तो यायचा बंद झाला. मग त्याच्या ग्राइंडरवर दुसरा माणूस दिसू लागला आणि मुकादमाची थट्टाही थांबली. संध्याकाळी दारात सायकल वाजली की आई परातीतले हात तसेच घेऊन बाहेर यायची. वडीलच आलेत, की त्यांचा निरोप घेऊन कुणी, हे बघायला.

एकदा ती मला म्हणाली, "पेन्शन खायला माणूस राहायला पायजे की गं."

दुसऱ्या दिवशी मी कॉलेज बुडवून मालकाच्या केबिनमध्ये गेले. पाया पडले नाही, रडलेही नाही. वडिलांना ग्राइंडरवरनं उठवा, पण घरी पाठवू नका, एवढंच म्हणाले. मालकांनी आधी मी काय शिकते ते विचारलं. मग त्यांनी मुकादमाला आत बोलावलं. पुढच्या सोमवारपासून वडील साचे पाडायचे लाकडी पॅटर्न ठेवायच्या खोलीत कामाला लागले. पगार घटला, फंड चालू राहिला. आई एका मेसमध्ये चपात्या लाटायला जाऊ लागली. त्या खोलीत धूळ कमी होती, पण आधीची धूळ जिथं बसायची तिथं बसलेलीच होती. वडील रोज थोडे हळू चालायचे.

दहा वर्षं भरली. त्यानंतर थोड्याच दिवसांत त्यांनी काम सोडलं. चुलत्याचाही दम आता निम्म्यावर आलाय. स्लॅबचं घर पोरांनी वाटून घेतलं आणि तो एका गोदामावर राखणीला बसतो, कारण न बसून चालत नाही.

वडिलांची छाती बरी झाली नाही, होणारही नाही. बोलताना वाक्य मधे तोडून श्वास घ्यावा लागतो. पण पन्नाशी झाल्यावर, अठ्ठावन्नपर्यंत न थांबता, थोडी कमी का होईना पेन्शन सुरू झाली. रक्कम मोठी नाही. फंडाच्या बाकीच्या पैशाचं व्याज धरून दोघांचा किराणा, गॅस आणि गोळ्या भागतात. आईनं मेसचं काम सोडलंय. आमच्या घराण्यात काम सुटल्यावर स्वतःच्या पैशानं जेवणारे वडील पहिले.