दाजी मेस्त्रींचं गाऱ्हाणं

इंजिन कुणाचंही असो, होडीचं की मोटारसायकलचं, दाजी मेस्त्री गाऱ्हाणं घातल्याशिवाय पाना उचलत नसत. देवळात घालतात तसंच, नारळ पुढे ठेवून, हात जोडून. "बा देवा म्हाराजा, आज ह्या इंजिन उघडतंव. काय चुकला-माकला आसात तर माफ कर, म्हाराजा." गॅरेजात जो कोणी असेल त्याने "व्हय म्हाराजा" म्हणायचं. एकदा विम्याचा एजंट नुसता पत्ता विचारायला आला होता, त्यालाही म्हणावं लागलं. नारळ गिऱ्हाइकाचा आणि खोबरं दाजींचं, अशी वहिवाट होती.

मालवणहून कसालकडे जाताना चौक्याला त्यांचं गॅरेज होतं. जुन्या बुलेटच्या बाबतीत त्यांचा शब्द शेवटचा. ऑइल नीट फिरतंय की नाही, याची त्यांची परीक्षा एकच. इंजिनाच्या डोक्यावरचा बारका बोल्ट सैल करायचा, किक मारायची आणि तिथे ऑइल पाझरलं की बोल्ट आवळून टाकायचा. "वर इला म्हणजे सगळीकडे गेला," असं ते म्हणत. वरच्या वाडीत नळाला पाणी आलं की खालच्या वाडीची चौकशी न करणारा हा माणूस.

माझे बाबा शाळामास्तर आणि दाजींचे बालमित्र. अठ्ठ्याण्णव साली बाबांची बुलेट भर रस्त्यात जाम झाली. दाजींनी इंजिन खोललं तर आतल्या मुख्य दांड्याचं बेरिंग जळून काळं पडलेलं. आठवड्यापूर्वीच दाजींनी बोल्टची परीक्षा घेतली होती आणि ऑइल वर आलं होतं. म्हणजे परीक्षा खरी, इंजिन खरं. खोटा उरला तो मालक. दाजी चार माणसांत म्हणाले, "तू आयल बघूकच नाय. सुक्या इंजिनार पळवलंस."

बाबा दर शनिवारी सकाळची शाळा सुटली की ऑइल बघत. ते एवढंच म्हणाले, "मी एक शनिवार चुकवूक नाय." गाडी घरामागच्या मांगरात, गवताच्या पेंढ्यांशेजारी गेली आणि दोघांचं बोलणं कायमचं बंद झालं.

पुढे पाच वर्षं बाबांच्या डोक्यातून ते गेलं नाही. जेवता जेवता हात थांबवून ते आईला विचारत, "शनिवारी बघी होतंय मां मी?" आई मान वर न करता "व्हय" म्हणे आणि भात वाढे. शेवटच्या आजारपणातही हाच प्रश्न. मला इंजिनातलं ओ की ठो कळत नव्हतं. नुसतं ऐकत बसायचो, आणि फार वाईट वाटायचं.

ते गेल्यावर दोन वर्षांनी मी गाडी बाहेर काढली. तिची नाडी ओळखणारा दुसरा कोणी नव्हता, म्हणून दाजींकडेच न्यावी लागली. आईला ते रुचलं नाही, पण तिने अडवलं नाही. दाजींनी बाबांचा विषय काढला नाही. गाऱ्हाणं घातलं, मी "व्हय म्हाराजा" म्हटलं. इंजिन बांधून झालं तरी गाडी माझ्या हातात देईनात; आधी स्वतः फिरवून बघणार म्हणाले. रोज सकाळी स्वतः ऑइल बघत, बोल्टही सैल करून बघत. बाराव्या दिवशी कसालजवळ गाडी त्यांच्याच हाताखाली जाम झाली. ती टेम्पोत घालून आणावी लागली.

मग आठ दिवस दाजी उघड्या इंजिनासमोर बसून राहिले. पहिले दोन दिवस लोकांनी थट्टा केली, नंतर तीही थांबली. मी ऑफिस सुटलं की जाऊन शेजारी बसायचो. नवव्या दिवशी त्यांनी माझ्या तळहातावर बुचाची एक चकती ठेवली, नखाएवढी, झिजून कागद झालेली. इंजिनात पंप दोन; पहिल्याचं ऑइल हिच्यामधून बेरिंगकडे जायचं. ही झिजल्यामुळे ते वाटेतच गळून तळाला पडत होतं, आणि तळाचं ऑइल दुसरा पंप इमानेइतबारे वर चढवत होता. वर येत होतं ते खरंच होतं. बेरिंग मात्र कोरडं.

"तेवाय, अठ्ठ्याण्णवात, हीच होती," दाजी म्हणाले. "बरी दिसली म्हणान मी तीच परत बसवलंय."

रविवारी ते आमच्या घरापुढच्या खळ्यात आले. नारळ या वेळी त्यांचा होता. ओटीवरच्या बाबांच्या फोटोकडे तोंड करून त्यांनी हात जोडले. "बा देवा म्हाराजा, चार माणसांत मी ह्याका खोटो पाडलंय. काय चुकला-माकला..." पुढचं त्यांना म्हणता येईना. जन्मभर पाठ असलेलं वाक्य होतं ते. मी घाईघाईने "व्हय म्हाराजा" म्हणून टाकलं.

आई दारात उभी होती. ती म्हणाली, "तेंका आता ऐकाक येवचा नाय, मेस्त्र्यांनू."

"ठावक आसा, वैनी."

नारळ पायरीवर ठेवून ते चालू लागले. पुढे तीन वर्षांनी दाजी गेले. तोवर वरचा बोल्ट ते सैल करून बघत, पण "वर इला म्हणजे सगळीकडे गेला" हे मी त्यांच्या तोंडून पुन्हा ऐकलं नाही.

त्या रविवारी दुपारी आईने मला जेवायला वाढलं आणि डाव हातात तसाच धरून बसली. "मी नुसता व्हय म्हणी होतंय रे," ती म्हणाली. "माका कदी खरा वाटूक नाय. तुका वाटला?"

माझ्याने मान वर करवली नाही. मी भात कालवत राहिलो.