भुतानं हात लावला

डेपोत तिला सगळे तोफ म्हणत. बारा वर्षं ती बसमध्ये कंडक्टर होती आणि तिच्या बसमध्ये फुकट बसायची कुणाची टाप नव्हती. "काढलं होतं हो तिकीट, पडलं कुठेतरी," असं कुणी म्हणालं की ती नुसती रोखून बघायची, आणि त्या माणसाला लगेच खिशातली सुटी नाणी सापडायची. खोटं मला वासावरून कळतं, असं ती छातीठोकपणे सांगे. स्वतःबद्दल असं काही सांगत सुटलं की ते पुढे निभवावंही लागतं, एवढं मात्र तिच्या ध्यानात आलं नव्हतं.

त्यामुळे भुताच्या खेळाला जायचं ठरलं तेव्हा सगळ्यांत मोठा आवाज तिचाच. एस्केप रूम म्हणतात त्याला. एका खोलीत स्वतःला कोंडून घ्यायचं, कोडी सोडवत एकेक कुलूप उघडायचं आणि तासाभरात बाहेर पडायचं. ही खोली ओसाड दवाखान्याची होती. सोबत तिच्या बसचा ड्रायव्हर, कॅशरूममधली मैत्रीण आणि वर्कशॉपमधला मेकॅनिक. चौघांनाही एकाच रविवारी सुटी, हा योग वर्षातून एखाद्या वेळी यायचा. "भूत दिसलं की आधी त्याचं तिकीट तपासते," ती जिन्यात म्हणाली. मेकॅनिक हसून हसून भिंतीला टेकला.

दारावर मॅनेजरबाईंनी नियम सांगितले. पळायचं नाही, फोन आत न्यायचा नाही. भूत तुम्हाला हात लावणार नाही, तुम्हीही भुताला लावायचा नाही.

आत फिनेलचा वास होता आणि एक दिवा मधूनच विझत होता. चाकांच्या खाटेवर चादरीखाली काहीतरी झोपवलेलं होतं. पहिली दोन कुलपं ड्रायव्हरनं उघडली. तिसऱ्याचा आकडा कपाटात असणार, असं मैत्रिणीनं ताडलं. कपाट उघडायला अर्थातच तोफ बॅटरी घेऊन पुढे झाली. तिनं दार ओढलं. आत पांढऱ्या कोटातला डॉक्टर उभा होता, तोंड शिवलेला मुखवटा घालून. त्यानं फक्त मान वर केली.

"आई गं!" ती किंचाळली, हातातली बॅटरी त्याच्या तोंडावर हाणली आणि मटकन खाली बसून ढसाढसा रडायला लागली. पाचावर धारण बसणं म्हणजे काय, ते तिला त्या दिवशी कळलं. "मला घरी जायचंय, मला घरी जायचंय," याखेरीज तोंडातून शब्द फुटेना. खोलीतले दिवे लागले. ड्रायव्हरनं तोंडावर हात दाबून धरला होता, पण त्याचे खांदे गदगदत होते. तोफेचा बार फुसका निघाला, हे उद्या पहिली बस सुटायच्या आत अख्ख्या डेपोला कळणार होतं.

मॅनेजरबाई धावत आल्या. भुतानं मुखवटा काढला होता. पन्नाशीचा, टक्कल पडलेला माणूस. नाकाला लावलेल्या त्याच्या रुमालावर रक्त होतं.

"काय झालं? यांनी हात लावला का तुम्हाला?" बाईंनी विचारलं.

त्यांनी सरळ मनानं विचारलं होतं. पण बुडत्याला काडीचा आधार पुरतो.

"हो," ती म्हणाली. "खांदा धरला माझा. घट्ट."

ड्रायव्हरचं हसू जागच्या जागी विरलं. मैत्रिणीनं तिला जवळ घेतलं. मेकॅनिक तर त्या माणसावर धावूनच गेला. "नियम आहे ना तुमचा? लाज नाही वाटत?" माणसानं आधी तिच्याकडे पाहिलं, मग आपल्या उजव्या हाताकडे. "माफ करा, ताई," एवढंच तो म्हणाला.

"आमची तोफ आहे ती," ड्रायव्हर मॅनेजरबाईंना सांगत होता. "मरेल, पण खोटं बोलणार नाही."

हे तिनं ऐकलं आणि ती गप्प राहिली. खोटं काय, घाबरून निसटलं असंही म्हणता येईल. पण जिना चांगला बत्तीस पायऱ्यांचा होता आणि प्रत्येक पायरीवरून तिला मागे फिरता आलं असतं.

डेपोत तिला कुणी हसलं नाही. उलट जो तो येऊन विचारत होता, बरी आहेस ना? तिच्यापुढे चहा काय ठेवत होते, शिफ्ट बदलून देऊ का म्हणून काय विचारत होते. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. हसले असते तर दोन दिवसांत विसरले असते, असं तिला सारखं वाटत राहिलं. मंगळवारी एक आजोबा म्हणाले, "तिकीट पडलं वाटतं माझं." ती त्यांच्याकडे न बघताच पुढे गेली. कुणाच्या डोळ्याला डोळा भिडवायची तिची हिंमत उरली नव्हती.

गुरुवारी ड्यूटी संपल्यावर, गणवेशातच, ती एकटी तिथे गेली.

"त्यांनी हात लावला नव्हता," ती मॅनेजरबाईंना म्हणाली. "मी घाबरले, मीच मारलं आणि वर खोटं बोलले. त्यांना काढू नका."

"मी कुठे काढलं?" बाई म्हणाल्या. "कॅमेऱ्यात कपाटाचा कोपरा येत नाही, म्हणून त्यांनाच विचारलं. म्हणाले, ताई खोटं कशाला बोलतील? मुखवट्यातून मला नीट दिसत नाही, लागला असेल माझा हात. दुसऱ्या दिवसापासून आलेच नाहीत."

बाईंनी त्यांना फोन लावला, कोण बोलणार आहे ते सांगितलं आणि फोन तिच्या हातात दिला. जिच्या तोंडाचा पट्टा बारा वर्षं कुणाला आवरला नव्हता, ती चाचरत चाचरत बोलली. हात लागला नव्हता. मी खोटं बोलले. चूक माझी.



"बरं झालं सांगितलंत," तो म्हणाला. "चार दिवस बायकोला विचारतोय, बोलता बोलता माझा हात लागतो का गं कुणाला? ती म्हणते, नाही. मला काही पटत नव्हतं."

"तुम्ही परत या," ती रडत म्हणाली. "मी सगळ्यांसमोर सांगते. डेपोतल्यांनाही इथे घेऊन येते."

"त्यांना जरूर सांगा. पण मी नाही यायचो, ताई. त्या कपाटात उभं राहायची आता मलाच भीती वाटते."